पितरपाटातलं लगीन

चतुराबाईला भोवळ आली की ती आधी पेटीतलं नवं लुगडं काढायची. दुखणं झाकायचं तर थाटात झाकावं, अशी बाई! शेजारची केशरबाई ओट्यावरून विचारायची, कुठं निघाली? ही ठोकून द्यायची, भाचीचं लगीन हाय जालन्याला. आणि टेंभुर्णीहून एसटी धरून थेट सरकारी दवाखान्याचा अपघात विभाग गाठायची.

आता म्हणाल, गावात डॉक्टर नव्हता का? होता की! पण तो तिच्या लेकाचा, सर्जेरावचा, शाळासोबती, आणि त्याच्या तोंडात तीळ भिजत नसे. सर्जेराव जालन्याच्याच एमआयडीसीत लोखंडाच्या कारखान्यात कामाला. सत्तरीची आई एकटी राहते म्हणून त्यानं बजावलं होतं, पुन्हा आजारी पडलीस तर टेंपो आणून सामानासकट नेईन. त्याच्या दोन खोल्यांत जायचं म्हणजे म्हैस विकायची, अंगण सोडायचं. म्हातारीला ते मरणाहून वंगाळ वाटे. शिवाय दुपारी एसटी पोचेपर्यंत दवाखान्याची बाकी दारं लागलेली असत, अपघाताचं तेवढं उघडं. तिथं बीपी बघत, गोळी देत, आणि दिवेलागणीला बाई म्हशीपाशी हजर.

चौऱ्याण्णव साली पितरपाटात मात्र घोळ झाला. सवयीनं ती लगीनच बोलून गेली. केशरबाई म्हणाली, ऐन पितरात कोण येडं लगीन लावतंय? चतुराबाई कसली हार जाते! शहरातले लोक पाळत न्हाईत म्हणाली आणि गाडीत बसली.

त्या दिवशी बीपी फारच चढलं होतं. तिला खाटेवर निजवलं. सोबत कोण आहे, असं नर्सनं विचारलं. हिनं बेधडक सांगितलं, कुणी न्हाई. नर्स पडद्यापलीकडच्या खाटेपाशी गेली, तोच प्रश्न, तेच उत्तर. आवाज ओळखीचा वाटला म्हणून हिनं पडदा सारला, तर सर्जेराव! उजवा हात मनगटापर्यंत पट्टीत. कारखान्यात दोन बोटं चेंगरली होती, बायको बाळंतपणाला माहेरी, आणि आईला घोर नको म्हणून गडी मुकाट पडलेला.

आता टेंपो येणार, हे म्हातारीनं ओळखलं. पण ती आधी लेकावरच तुटून पडली. मला का न्हाई कळवलं रे? नर्सला हसू आवरेना. संध्याकाळी बीपी उतरलं, तशी चतुराबाईनंच लेकाला गाडीत घातलं आणि गावी आणलं.

आठ दिवस तिनं त्याला हातानं भरवलं. तो ओट्यावर बसून बघत राह्यला. पहाटे धार, मंग ताकाला आलेल्या बायांचा कालवा, दुपारी केशरबाईशी भांडण आणि चहाला पुन्हा तीच केशरबाई. टेंपोचा विषय त्यानं काढला न्हाई. तिनंही छेडला न्हाई, पण धाकधूक होतीच.

नवव्या दिवशी एसटीच्या खिडकीतून तो म्हणाला, "आई, बरं वाटंना झालं की मला कळवत जा. न्यायला न्हाई येणार. दवाखान्यात तुझ्यापाशी बसायला येईन."

गाडी हलली तशी बाई घरी आली आणि नवं लुगडं पेटीच्या पार तळाशी घालून ठेवलं.