‘बंद दारं’चा शेवट

“पुन्हा घे. खोटं वाटतंय,” असं म्हणून दादा दोन्ही काठ्या मांडीवर ठेवायचा आणि आमच्याकडे बघत बसायचा. माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी या दादाचंच नाव घेतो. तो आमच्या मेटल बँडचा ड्रमर आणि म्होरक्या.

तुम्हीही असा माणूस पाहिला असेल. दिवसभर कुरिअरच्या ऑफिसात मान खाली घालून काम करणारा, विचारलं तेवढंच बोलणारा. तोच संध्याकाळी ड्रमसमोर बसला की भिंतीवरच्या तसबिरी हलायच्या. त्याचा हात बसला होता तो मिरवणुकीत वाजवणाऱ्या लालबागच्या बेंजो पार्टीत ताशा वाजवून.

मी नोकरीसाठी तालुक्याच्या गावाहून आलो आणि भोईवाड्यात त्याच्याच चाळीत राहू लागलो. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर, पण मुंबईच्या पोरांसमोर तोंड उघडायची लाज वाटायची. एकदा गॅलरीत स्वतःचीच कविता पुटपुटताना दादाने मला पकडलं.

“आमची गाणी तू लिही.”

“मला इंग्रजी जमणार नाही, दादा.”

“इंग्रजी कोणी मागितलं? आईशी बोलतोस तसं लिही.”

त्यातून ‘बंद दारं’ हा अल्बम झाला. गाणी नऊ, पण गोष्ट एकच, घसरत जाणाऱ्या शहराची. ते आधी शेजाऱ्याचं नाव विसरतं, मग मेलेल्याला खांदा द्यायला विसरतं आणि शेवटच्या गाण्यात “कोणी कोणाचं ऐकत नाही” असं ओरडत संपतं. या शेवटाचा मला फार अभिमान होता.

तालीम चाळीच्या व्यायामशाळेत चालायची. रेकॉर्डिंग जवळ आलं होतं, तेव्हा वरच्या मजल्यावरच्या मावशी दारात येऊन उभ्या राहिल्या.

“काय ओरडता रे एवढं? शब्द तरी कळू देत.”

दादाने मला शेवटचं गाणं वाचायला लावलं. मावशींनी कमरेवर हात ठेवून सगळं ऐकलं.

“कोणी कोणाचं ऐकत नाही?”

“हो मावशी, समाज आता असाच...”

“मेल्या! दोन वर्षं तुमची धडामधुडूम ऐकतोय आम्ही. आमचे हे रात्रपाळी करून येतात नि कानात कापूस घालून झोपतात. एकदा तरी बोललो? आणि म्हणे कोणी ऐकत नाही!”

आम्ही सगळे हसलो. दादा हसला नाही. “शेवट बदलायचा,” तो म्हणाला.

मी चिडलो. “अख्खी गोष्ट घसरणीची आहे. शेवट गोड केला तर सगळंच पडेल.”

“गोड नको करूस. शहर घसरलंय ते घसरलंयच. पण कोणीतरी दार वाजवलं, एवढं लिही.”

शेवटाच्या त्या नव्या चार ओळींनी मला आठवडाभर रडवलं. त्या ओळींना सात मात्रांचा ठेका होता, तो मोजताना आमचे गिटारवाले दमायचे. दादाने व्यायामशाळेत गुरुवारी जमणाऱ्या भजनी मंडळाला बोलावलं, मावशीही त्यात गायच्या. मंडळाचे बुवा म्हणाले, “अरे, हा तर आपला रूपक ताल!” आणि त्यांनी झांजा मागवल्या.

दादरच्या सभागृहात पहिला कार्यक्रम झाला. समोर सगळी काळ्या टी-शर्टातली पोरं. नवव्या गाण्याला मावशी आणि मंडळी ठेवणीतल्या कपड्यांत स्टेजवर आली आणि पोरं एकमेकांकडे बघू लागली. ही पोरं आता हसली तर आपलं सगळं संपलं, असं मला वाटलं.

झांज वाजली. मावशींनी वरचा सूर लावला, खाली दादाचा ड्रम घुमला. पोरांनी टाळ्या धरल्या, त्या चुकल्या. मावशींनी डोळे वटारले, हात उंच करून टाळी दाखवली आणि पुढच्या आवर्तनाला अख्खं सभागृह ठेक्यात आलं. मी आईशी बोलतो त्या भाषेतले माझे शब्द ती पोरं घसा फाडून गात होती.

दादा आता बंगळुरूला ड्रम शिकवतो. आमच्याकडे दुसरा ड्रमर आहे, चांगला आहे, पण तो फार पटकन “झकास” म्हणतो. गेल्या महिन्यात मी दादाला पत्र पाठवलं:

“दादा, बाबांना गावी आपला अल्बम ऐकवला. गिटारला त्यांनी कानांवर हात ठेवले, पण उठले नाहीत. शेवटचं गाणं संपल्यावर विचारलं, ‘यातले शब्द कोणाचे?’ मी म्हटलं, माझे. उठून त्यांनी लग्नकार्याला घालतात तो सदरा चढवला, माझा फोन खिशात टाकला आणि बाहेर पडले. मी शोधत गेलो तर एसटी स्टँडवर मित्रांच्या घोळक्यात बसले होते, आवाज पूर्ण मोठा करून. संध्याकाळपर्यंत फोन काही मला परत मिळाला नाही.”