केरीच्या नकाशावरची खरी टाचणी

सांगलीहून निघताना बायकोने विचारले, "आता काय समुद्र मोजायला चाललात?" मी भूमापन खात्यात लोकांचे बांध मोजण्यात जन्म घालवला. निवृत्त झालो तरी कुठे मोजणीची साखळी दिसली की माझे हात शिवशिवतात, हे तिला ठाऊक आहे. या वेळी मात्र तिची थट्टा शब्दशः खरी ठरायची होती.

बोलावणे माझ्या भाचीचे, अनघाचे. तिची नोकरी समजायला मला दोनदा फोन करावा लागला. गोव्याच्या समुद्रतळाखाली तेल आणि वायू आहे का, हे शोधायला एका कंपनीला केंद्राचा परवाना मिळाला आहे. कंपनीचे जहाज काही किलोमीटर लांब केबली मागे ओढत, पाण्यात हवेचे बार काढत फिरणार आणि तळाखालून परतणारा आवाज टिपणार. पण परवान्याला अटी असतात. त्यातली एक अशी, की आधी मच्छीमारांना विचारायचे, कोण कुठे जाळी टाकतो ते नकाशावर घ्यायचे, आणि मगच जहाजाच्या रेघा आखायच्या. हे विचारण्याचे काम अनघाचे. "मामा, नकाशात काहीतरी गोम आहे. तुम्ही याच," ती म्हणाली. नकाशात गोम म्हटल्यावर मी कसला थांबतोय!

चोर्ला घाट उतरून डिचोलीत पोचलो. जावईबापूंची नोकरी तिथली, म्हणून बिऱ्हाडही तिथेच. दुसऱ्या दिवशी सकाळी नार्व्याला सप्तकोटेश्वराचे दर्शन घेतले आणि परतताना उंडे (कडक कवचाचे गोल पाव) आणि पातळ भाजी खायला थांबलो. बाकावर शेजारी दोडामार्गचा एक ट्रकवाला होता. कुठे निघालात म्हणाला, तेव्हा मी सगळे सांगितले. त्याने उंड्याचा तुकडा भाजीत बुडवून तसाच धरून ठेवला.

"इतकी वर्सां खाणीर ट्रक मारलंय," तो म्हणाला. "खाण चालू झाली तेव्हा आमका कोणी इचारूक नाय. बंद झाली तेव्हाय इचारूक नाय. दर्यावाल्यांका इचारतत, तर बरां आसा."

मग अनघाच्या स्कूटरवर मागे बसून पेडण्याकडे. कोलवाळचा पूल, तुयेचे कारखाने, मांद्रे, हरमल, आणि शेवटी केरी! झाडी संपता संपता एकदम तेरेखोल नदीचे मुख दिसले, पलीकडच्या टेकाडावर कोट, आणि डावीकडे नजर पोचेल तिथवर निळा समुद्र. मी स्कूटरवरूनच ओरडलो. अनघा म्हणाली, "मामा, हलू नका, पडू."

गावातल्या सभागृहाच्या भिंतीवर नकाशा लावला होता. होडीगणिक एक टाचणी. मी चष्मा चढवला आणि हसूच आले. वीसेक टाचण्या नदीच्या मुखाशी एकमेकींना चिकटून उभ्या. बाहेरचा सगळा समुद्र मोकळा, आणि त्या मोकळ्या भागातून जहाजाच्या सरळ लाल रेघा.

"इथे मासे मिळतात?" मी विचारले.

"इथे नुसता चिखल आहे," अनघा म्हणाली. "मागच्या सभेत प्रत्येकाने इथेच बोट ठेवले. शुक्रवारी हरकतींचा शेवटचा दिवस. त्यानंतर रेघा पक्क्या होतात."

गोम मला तिथेच कळली. विहिरीचा झरा कुठे लागला हे भर चावडीत कोण सांगतो? मासे मिळण्याची जागा इथे बाप मुलाला दाखवतो आणि बाकी कुणाला नाही. परवान्याच्या अटीपायी नेमके तेच सगळ्यांसमोर विचारले गेले होते. मग काय, सगळ्यांनी एकमेकांच्या तोंडाकडे बघत खोटी टाचणी टोचली!

त्या दुपारी एक गृहस्थ माडाखाली आमची वाट पाहत उभे होते. दत्ताराम, साठीचे, अंग तांबूस रापलेले. जवळपास कुणी नाही हे बघून म्हणाले, "बाय, ती तिसरी रेघ मात्शी (जराशी) कुशीक (बाजूला) घे. कित्याक ते इचारू नाका."

अनघाने समजावले. कारण नोंदवल्याशिवाय रेघ हलत नाही. आणि नोंद झाली की ती भिंतीवर लागते, कारण लपवून ठेवलेली नोंद उद्या कुणीही खोटी ठरवेल. केबल जाळ्यांवरून गेली तर जाळी फाटून जाणार, आणि जिथे मासेमारी होतच नाही असे लिहून दिले आहे तिथली भरपाई कोण देणार?

"बापायन माका दाखयली ती जागा," दत्ताराम म्हणाले. "सख्ख्या भावाकय सांगूक ना. आता भिंतीर लावू?" जाळी गेली तर हंगाम गेला, आणि जागा सांगितली तर बापाचा शब्द गेला. मला फार वाईट वाटले.

शेवटी ते म्हणाले, "फाल्यां (उद्या) सकाळी येयात. आकडे तरी घेवया. सांगूचें की ना, तें मागीर (नंतर)."

उजाडताच होडी पाण्यात ढकलली. आयुष्यात पहिल्यांदा मी समुद्रावर मोजणीला निघालो होतो, आणि आनंदाने मला बसवत नव्हते. पहिल्या मोठ्या लाटेने टोपी नेली, दुसरीने सकाळचा चहा. दत्ताराम हसून म्हणाले, "दर्याक नैवेद्य दिलो, बरें केलें." एवढ्यात डॉल्फिनची पाठ चमकली, मग दुसरी, तिसरी! अनघाने सांगितले, की जहाजावर दुर्बीण घेऊन माणूस बसलेला असतो. जवळ डॉल्फिन दिसला की बार थांबवायचे, अशी अट आहे.

"म्हणजे तेणें नुस्तें तोंड दाखयलें की जाता (भागते), आनी आमी टाचणी टोचूक जाय (हवी)?" दत्ताराम म्हणाले. अनघाने त्यांना कायदा सांगितला, की किनाऱ्यालगतच्या पाण्यातली मासेमारी राज्याच्या अखत्यारीत आणि तळाखालचे तेल केंद्राच्या. दत्ताराम सुकाणू धरून म्हणाले, "आनी मदीं आमी."

दीडेक तासाने त्यांनी वेग कमी केला. होडी वळवत किनाऱ्यावरच्या दोन खुणा एकामागे एक, एका रेघेत आणल्या, मग दुसरीकडच्या दोन. कुठल्या, ते मी इथे लिहिणार नाही. दोन रेघा जिथे छेदतात ती जागा! अहो, मोजणीच्या फळ्यावर मी जन्मभर हेच करत आलो! त्यांनी शिशाचा गोळा दोरीने सोडला आणि दोरी माझ्या हातात दिली. खाली चिखल नव्हता. टक्क करून खडक लागला आणि तो थेट माझ्या दंडापर्यंत जाणवला. मी लहान मुलासारखा ओरडलो, मोबाइलवर त्या जागेची खूण घेतली आणि अक्षांश-रेखांशाचा आकडा कागदावर उतरवला.

शुक्रवारी सभागृह भरले. अनघाने कुणाला बदल करायचा आहे का विचारले. मी दत्तारामांकडे बघायचे टाळले, कारण निर्णय त्यांचा होता. ते उठले. मुखाशी टोचलेली आपली टाचणी उपटली, आणि माझ्या कागदावरचा आकडा अनघाकडून पारखून घेऊन ती दूर निळ्यात, तिसऱ्या रेघेवर टोचली.

"ही माजी जागा," ते म्हणाले. "बापायची."

पुढच्या रांगेत काशिनाथ बसला होता. आधी कोण परततो आणि कुणाला जास्त मिळते, यावर त्याची आणि दत्तारामांची वर्षानुवर्षांची चुरस. आता तो उठला. तो नकाशापाशी गेला आणि मुखाशी असलेली स्वतःची टाचणी काढली.

"तुवें तुजी दाखयली," तो दत्तारामांना म्हणाला, "तर माजी पळय (बघ)." त्याला आकडा येत नव्हता. त्याने खुणा सांगितल्या, सगळ्यांसमोर, मोठ्याने, आणि मी त्या नकाशावर जुळवून दिल्या. मग तिसरा उठला, मग चौथा. तासाभरात चिखलात एकही टाचणी उरली नाही. अनघा लाल पेन्सिल घेऊन नव्या नोंदी लिहीत होती आणि मधूनच डोळे पुसत होती. माझीही गत वेगळी नव्हती.

बाहेर दत्ताराम एकटेच वाळूत उभे होते. "बापूस आज रागान आसतलो," एवढेच बोलले.

सांगलीला परतलो आणि बायकोला सगळे तीनतीनदा सांगितले. नियम कागदावर असतो, पण तो लागू व्हायला कुणाला तरी काहीतरी गमवावे लागते, हे मला केरीत कळले. महिन्याभराने दत्तारामांचा फोन आला. रेघ सरकली होती, जहाज लांबून गेले होते, जाळी शाबूत होती. मी आनंदाने मांडीवर थाप मारली आणि मग भीत भीत विचारले, "आता तुमच्या जागेवर सगळेच जात असतील?"

"काल काशिनाथ गेल्लो," ते म्हणाले. "माका इचारून गेलो."

फोन ठेवल्यावर मी मोबाइलमधली ती खूण पुसून टाकली. पुन्हा कधी तिथे जावेसे वाटले, तर मीही विचारूनच जाईन.