वाजिदभाईंचे नऊ दिवस

शिरवळच्या एका कारखान्यात वाजिद मुजावर नावाचे गृहस्थ नऊ दिवसांत एक बोर्ड काढायचे. बोर्ड म्हणजे हिरवी पाटी. तिच्यावर तांब्याच्या बारीक वाटा असतात आणि वीज त्या वाटांनी चालते. ही पाटी शेतातल्या पंपाच्या पेटीत बसायची. शेतकऱ्यानं घरून मिस्ड कॉल दिला की विहिरीवरचा पंप सुरू. कुठली वाट कुठून न्यायची, कुठं भोक पाडून पाटीच्या मागच्या बाजूला उतरवायची, हे वाजिदभाई संगणकावर एकेक करून हातानं ठरवायचे. याला राउटिंग म्हणतात. ‘ऑटो’चं बटण दाबलं तर तेच काम मशीन अकरा मिनिटांत करतं, हे कारखान्यात सगळ्यांना ठाऊक होतं. वाजिदभाईंनाही होतं.

“मशीनला अक्कल नसती,” ते म्हणायचे. ऐकणाऱ्याला पटायचं, कारण माणूस हाडाचा कारागीर. ऐन विशीत भोसरीला त्यांनी प्लास्टिकच्या कागदावर काळ्या चिकटपट्ट्या लावून बोर्ड काढले होते. पण खरी गोष्ट वेगळी होती आणि ती त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. चार वर्षांपूर्वी त्यांची बायको शाहजादी गेली. मुलगी सुमैरा सांगलीत सासरी. गावाकडचं, आष्ट्याचं घर बंद, आणि शिरवळच्या भाड्याच्या खोलीत पाय टाकायचा म्हटलं की जिवावर यायचं. बोर्ड हातात असला की बसून राहायला निमित्त मिळे. रविवारीसुद्धा ते येऊन बसत. एक वाट झाली की दुसरी. नऊ दिवस कुणाची आठवण यायची नाही, आली तरी हात थांबायचा नाही. सुमैरा फोनवर ‘या की, अब्बा’ म्हणायची, तेव्हा बोर्ड नेहमी अर्ध्यावर असायचा.

गेल्या हिवाळ्यात संयोगिता डिझाइन विभागाची प्रमुख म्हणून आली. साताऱ्याची, वयानं सुमैराएवढी, पण मान ठेवून बोलणारी. “वाजिदभाई, या वेळी ऑटोवर काढून बघू,” ती म्हणाली. “तुम्ही फक्त एकदा नजर घाला.”

वाजिदभाईंनी नजर घातली. बोर्ड वाईट नव्हता, हेच त्यांना झोंबलं. एकाच जागी ते थबकले. चारशे व्होल्टची वाट सिमकार्डाच्या भागाला, ज्याची एरियल पेटीबाहेर येते त्याला, जवळजवळ खेटून गेली होती. ते स्वतः तिथं बोटाच्या अर्ध्या पेराएवढी जागा मोकळी सोडत. थंडीत पेटीच्या आत दव धरतं आणि दवातून वीज पलीकडं जाते, हे उसाच्या गावात वाढलेल्या माणसाला शिकवावं लागत नाही. मात्र हे त्यांनी कधी कुठं लिहून ठेवलं नव्हतं. सगळं हातात होतं. मशीनच्या नियमांच्या तक्त्यात सगळ्या वाटांना मिळून एकच अंतर होतं. मशीननं ते इमानेइतबारे पाळलं होतं.

“ठीक आहे ना?” संयोगितानं विचारलं.

“ठीक आहे,” वाजिदभाई म्हणाले.

हे ते जाणूनबुजून बोलले. पेटी जळेल, परत येईल, सगळे मशीनला नावं ठेवतील आणि आपले नऊ दिवस आपल्याला परत मिळतील, असा त्यांचा हिशोब होता. पेटीला माणसाचा हात लागतो हे आपल्या डोक्यातच आलं नाही, असं ते पुढं स्वतःला सांगत राहिले. ते खोटं होतं.

चाचणीच्या चार पेट्यांतली एक आष्ट्याला गुंडाच्या विहिरीवर बसली. गुंडा त्यांचा शाळेतला सोबती. पंधरा दिवसांनी निरोप आला, की पेटीच्या एरियलला हात लागून शॉक बसला, गुंडा फेकला गेला आणि मनगट मोडलं. वाजिदभाई त्याच दिवशी आष्ट्याला गेले. गुंडा प्लास्टर घालून सोप्यात बसला होता.

“लय जोराचं बसलं बघ,” तो म्हणाला. “पर ह्यो तुजा बोर्ड न्हवं, व्हय ना? तुजा असता तर असं झालं नसतं. पोरांस्नी मी त्येच सांगितलं.”

“माजाच म्हण. मी बघितला हुता, गुंडा. बघून गप बसलो.”

गुंडाला त्यातलं काही कळलं नाही. त्यानं सुनेला चहा टाकायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी संयोगिताला सगळं सांगून टाकलं. तिनं एवढंच विचारलं, “का?” चार वर्षांच्या संध्याकाळी कुणाला सांगायच्या कशा? “बाकीच्या तीन पेट्या आजच काढून आणायच्या,” ती म्हणाली. “आणि तुमच्या हातात जे आहे, ते सगळं मला तक्त्यात हवंय.”

दोन दिवस ते लिहीत होते. दवाचं, पालींचं, मुंग्यांचं, पंप सुरू होताना होणाऱ्या विजेच्या चढउताराचं. कुठल्या वाटेला किती जागा सोडायची, सगळं. मग बटण दाबलं. अकराऐवजी चौदा मिनिटं लागली. वाजिदभाईंनी बोर्ड कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तपासला, खोट सापडावी म्हणून तपासला. सापडली नाही. मशीनवर न सोपवलेल्या नाजूक वाटा हातानं काढायला अर्धा दिवस पुरला, आणि गुरुवारी दुपारी चार वाजता त्यांच्यापुढं काहीही काम नव्हतं.

त्यांनी सुमैराला फोन लावला. “शनिवारी येतो गं. चार दिस राहतो.”



“अब्बा, शनिवारी आमी समदी कोयनानगरला चाललोय. सासूबाई, नणंदा, पोरं. गाडी भरली.” मग ती हळू म्हणाली, “तुमास्नी विचारायचं आलंच न्हाई मनात.”

“बरं केलंस की,” वाजिदभाई म्हणाले. “पोरांस्नी धरण दाखव.”

“दाखवते.”

फोन ठेवून वाजिदभाईंनी तयार बोर्ड पुन्हा उघडला आणि पहिल्या वाटेपासून तपासायला घेतला.