अब्बांचा आवाज, गजाच्या गळ्यात

गजानन गेल्याची बातमी मला माझ्या भाताच्या गिरणीत कळली. कोन गावचा एक शेतकरी पोती उतरवता उतरवता म्हणाला, "शेट, तुमचं मास्तर गेलं म्हनं. बाजारात आयकलं आत्ताच. तुमाला ठाव नाय?" मी गिरणी बंद करायला सांगितली आणि तिथंच तुसाच्या ढिगाशेजारी बसलो. खोटं कशाला बोलू? रडू येण्याच्या आधी मनात पहिला विचार आला तो हा, की आता वर माझ्या अब्बांना हा माझ्याआधी भेटणार! म्हणजे तिथंही पहिला नंबर ह्याचाच... ह्या गोष्टीला महिना उलटून गेला. विचार अजून पुरता गेलेला नाही.

गजानन म्हणजे आमच्या पनवेलच्या हायस्कुलातला इतिहासाचा मास्तर. पण बाहेरच्या जगात तो मास्तर नव्हता, पंडित होता. सूफी कवितेवर त्यानं आयुष्य घालवलं, दोन जाडजूड ग्रंथ लिहिले, आणि पुण्या-मुंबईची चष्मेवाली मंडळी त्याचं घर विचारत मोटारस्टँडवर उतरायची. शोकसभेला तीही आली होती. ब्राह्मणाच्या मुलानं फारसी कशी आत्मसात केली, ह्यावर एकेकजण घसा ताणून बोलला. सभा संपल्यावर त्यांच्यातल्या एका गृहस्थानं मला गाठलं. "गजाननरावांचे ते मौलवीसाहेब होते ना, त्यांचे तुम्ही कोण?" मी म्हटलं, "विशेष कोणी नाही. मुलगा आहे फक्त." तो बिचारा हसला. त्याला वाटलं मी विनोद केला.

माझे अब्बा मुंबईच्या एका शाळेत फारसी शिकवायचे. डोळे अधू झाले तशी नोकरी सोडून आमच्या मोहल्ल्यातल्या घरी येऊन राहिले. मी आणि गजा एका वर्गात, एका बाकावर. त्याचे वडील कचेरीत कारकून. जुन्या कागदांत पानोपानी फारसी शब्द, तेव्हा पोरगा थोडी फारसी शिकला तर कुठंतरी चिकटेल, एवढ्या व्यवहारी हिशोबानं त्यांनी त्याला आमच्याकडे धाडला. त्याला मीच घेऊन आलो, हाताला धरून! अब्बांनी त्याला अलिफ-बे शिकवलं, वर्षभरात वाचता येऊ लागलं, आणि एके दिवशी, लहर आली असेल, कचेरीचे कागद बाजूला सारून त्यांनी एक कविता म्हटली. गजानं विचारलं, "मौलवीसाहेब, ह्यात दारूचं एवढं कौतुक का?" अब्बा असे खुलले म्हणता! ती दारू दारू नव्हे, तो प्याला भरणारा साकी साकी नव्हे, प्रेयसी म्हणजे खुद्द परमेश्वर आणि त्याच्यापायी घरदार उधळणारा तो आशिक म्हणजे तुम्ही-आम्ही... अस्रच्या, तिसऱ्या प्रहरच्या नमाजेची अजान झाली तरी बोलणं चालूच. मी उंबऱ्यावर बसून चप्पलेचा अंगठा शिवत होतो. मला ह्यातलं काही त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. मी विचारलं नव्हतं हेही खरं, पण बापानं काय विचारायची वाट बघायची असते?

त्या दिवसापासून दुपार गजाची झाली. जुहरच्या नमाजेपासून अस्रपर्यंत बैठकीत ते दोघे. तो दारात आला की अब्बा अर्धे उठून म्हणायचे, "आइए साहबज़ादे, तशरीफ़ रखिए." आणि मी घामानं निथळत गिरणीतून आलो की, "इस्माल्या, गाढवा, बैलांना पानी दावलंस का नाय?" साहबज़ादा म्हणजे थोरामोठ्यांचा मुलगा हो! थोर तो, मुलगा तो, आणि बैल माझे. आईला म्हटलं, तर ती म्हणाली, "तुज्या पोटात का दुकतंय? तू बस ना त्याच्या बाजूला." बसलोही चार दिवस. अब्बांनी मला एक ओळ म्हणायला लावली, मी म्हटली, आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. मग तीच ओळ गजाला म्हणायला सांगितली. पाचव्या दिवशी मी गिरणीत गेलो तो कायमचा.

आमच्या रमजानातली गोष्ट सांगतो. ऐन उन्हाळा. मी महिन्याचे सगळे रोजे धरले, वर गिरणीचं काम, जीभ टाळूला चिकटायची. कोणी काही म्हटलं नाही, कारण रोजे धरायचेच असतात. एका दुपारी आईनं गजापुढं पाण्याचा तांब्या ठेवला आणि तो म्हणाला, "नको चाची, मौलवीसाहेब तहानलेले असताना मी कसा पिऊ?" झालं! संध्याकाळपर्यंत मोहल्लाभर बोभाटा. मशिदीत म्हातारे एकमेकांना सांगतायत, ब्राह्मणाचा पोर पाण्यालासुद्धा शिवला नाही, वाहवा! अब्बांच्या डोळ्यांत पाणी. मी खजूर हातात घेऊन बसलो होतो आणि मनात म्हणत होतो, या अल्ला, ह्याच्या एका दुपारपुढं माझा आख्खा महिना फुकट गेला.

पण खोट काढायला जागा नव्हती, हीच तर खरी पंचाईत. त्याचा अभ्यास मी डोळ्यांनी पाहिला आहे. एकेक ओळ तो आठ-आठ दिवस नुसती तोंडात घोळवायचा, अर्थ लिहायची घाई नाही. खाडीच्या कडेनं रोडपालीपर्यंत चालत जायचा, मिठागरांच्या बांधावर उभा राहून मोठमोठ्यानं म्हणायचा. मिठागरावरची माणसं मला विचारायची, "शेट, मास्तरला काय लागीर झालाय का?" ओळ अंगात भिनली की मगच कागदावर मराठी उतरायची. पगार पुस्तकांत गेला, मुंबईच्या बढतीवर त्यानं पाणी सोडलं, का तर उस्ताद पनवेलला आहेत. एकदा मला म्हणाला, "इस्माईल, ह्या कवितांत एक माणूस नेहमी असतो, रकीब. आशिकाचा प्रतिस्पर्धी. त्याच्याच प्रेमाच्या माणसापाशी जाऊन बसलेला." मी म्हटलं, "मला काय शिकवतोस? माझ्या घरात रोज दुपारी येतो तो." गजा हसला नाही. म्हणाला, "मला उस्तादांनी कधी अरे-तुरे केलं नाही. तुला गाढव म्हणताना त्यांचा आवाज कसा लागतो, ऐकलास कधी?" मी म्हटलं, "हवं तर तेही घेऊन जा." बोलणं तिथंच तुटलं.

शेवटी शेवटी अब्बांची नजर पुरती गेली. त्यांना उठवणं-बसवणं, अंघोळ, औषध, रात्री पाय चेपणं, सगळं मी आणि माझी बायको करत होतो. पण जीव लागलेला असायचा दुपारी दारावर. गजा यायचा, वाचायचा, आणि ते पडल्या पडल्या हातानं मांडीवर ताल धरायचे. एका गुरुवारी तो वाचून गेला आणि संध्याकाळच्या मग्रिबच्या आत अब्बा गेले. कबरीत मी उतरलो, बापाला ह्या हातांनी ठेवला. वर आलो तर गजा तीन मुठी माती देऊन लहान पोरासारखा हमसून रडत होता, आणि माणसं त्याला मिठ्या मारत होती. पहिल्या मिठ्या त्याला! मी मातीनं माखलेले हात घेऊन बाजूला उभा. एकानं मला म्हटलं, "इस्माईलभाई, मास्तरला सांभाळा." सांभाळा!

त्यानंतर मी त्याच्या घरात पाय ठेवला नाही. भांडण नव्हतं. रस्त्यात भेटलो की बोलायचो, ईदेला शीरखुर्मा पाठवायचो, दिवाळीला त्याच्याकडून चकल्या यायच्या. पण उंबरा ओलांडणं जमेना. कारण सांगतो. दर गुरुवारी मी कबरस्तानात फातिहा पढायला जातो. येताना वाट त्याच्या आळीवरून. अब्बांना जाऊन थोडे दिवस झाले असतील, त्याच्या खिडकीतून अब्बा बोलताना ऐकले मी. खरंच सांगतो! तोच लहजा, दुसऱ्या ओळीच्या आधी तोच दम खाणं, शेवटच्या शब्दाला तसंच हळुवार सोडणं. गजा वाचत होता. कबरीपाशी अब्बा गप्प आणि ह्याच्या खिडकीत बोलतायत! मला बापाचं काय मिळालं? नाक. आवाज हा घेऊन गेला. समोरच्या लाकडाच्या वखारीच्या आडोशाला मी संतापून उभा राहिलो आणि वाचन संपेपर्यंत हललो नाही. पुढच्या गुरुवारी पुन्हा. असं वर्षानुवर्षं चाललं. आत जाऊन काय करायचं होतं? माझ्याच बापाच्या मैफलीत मी पाहुणा म्हणून बसायचं?

गेल्या वर्षभरात तो वाचताना खोकायला लागला. दोन ओळी, मग खोकला, मग पुन्हा चढा आवाज. अब्बा शेवटच्या वर्षांत असेच खोकायचे. मी वखारीपाशी उभा राहून दात-ओठ खात होतो, की बघा, आता म्हाताऱ्याचा खोकलासुद्धा उचलला ह्यानं! काहीच ठेवलं नाही माझ्यासाठी. त्याची तब्येत बरी नसते असं कानावर आलं होतं, पण मास्तर लोकांना काही ना काही होतच असतं, म्हणून मी सोडून दिलं.

त्याचं दिवसकार्य झाल्यावर मी भेटायला गेलो. गजाच्या बायकोनं, मालतीवहिनींनी, मला बैठकीत बसवलं. चहा आणला. इकडचं तिकडचं बोलणं झालं आणि मग त्या म्हणाल्या, "भावजी, तुम्ही गुरुवारी वखारीपाशी उभे राहायचात ना, ते आम्हाला इथून दिसायचं." मी कप खाली ठेवला. त्या पुढं म्हणाल्या, "पहिल्यापासून दिसायचं. मी म्हणायची, अहो, बोलवा की त्यांना आत. तर म्हणायचे, नको. बोलावलं तर यायचाच बंद होईल. इस्माईल आहे तो." मी विचारलं, आजार कधीपासूनचा. "दीड वर्षं. छाती पार गेलेली. डॉक्टरांनी मोठ्यानं बोलायची बंदीच केली होती. शाळेतसुद्धा फळ्यावर लिहूनच शिकवायचे. फक्त गुरुवारी ऐकायचे नाहीत. मी चिडायची, रडायची. खुर्ची खिडकीशी ओढायचे आणि म्हणायचे, वखारीपर्यंत ऐकू जायला नको का? मालती, बाप त्याचा आहे."

मी खिडकीतून समोरच्या वखारीकडे बघत राहिलो. वहिनी उठून आत गेल्या.

आता मी दर गुरुवारी कबरस्तानातून सरळ त्या बैठकीत जाऊन बसतो. पुस्तकं आहेत तशी आहेत. वहिनी चहा देतात. मत्सर गेला का, असं कोणी विचारलं तर नाही गेला. आता तर तो जास्तच आहे, कारण माझ्या बापावर माझ्यापेक्षा जास्त प्रेम केलंच त्यानं, आणि वर माझ्यावरही केलं, न सांगता. मी भिंतीकडच्या बाकावर बसतो. मधे गजाची खुर्ची आहे, हात लांब केला तर हाताला लागते. इतक्या जवळ बसणाऱ्या माणसाला आवाज चढवून वाचून दाखवावं लागत नाही. त्यानं नुसतं पुटपुटलं असतं तरी ऐकू आलं असतं मला.