तेल्हाऱ्यापुढची बरोबरची खूण

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिचा तर यात थोडा संबंध येतो, कारण जे घडलं ते तिच्या माहेरी, अकोल्याला घडलं. माझ्यामुळे एका मुलीची नोकरी गेली. आमच्या कामात माझ्याहून दसपट चांगली होती ती. पण आधी तिच्याबद्दल बोलू द्या. माझ्याबद्दल बोलायची तशी मला घाई नाही.

अमरावतीत आमची सॉफ्टवेअरची लहानशी कंपनी होती. कापूस खरेदी केंद्रांवर येणाऱ्या गाड्यांना नंबर देणारं वेब ॲप्लिकेशन आम्ही बनवलं होतं. ती वर्षं वऱ्हाडात कशी गेली हे तुम्हाला ठाऊकच आहे. माणसं आधीच खचलेली. त्यात केंद्रासमोरची रांग दोन-दोन दिवस हलायची नाही, आणि कोणाची गाडी ओळखीवर पुढे घुसली की डोकी फुटायची. नंबर आले आणि हे थांबलं. अशात कळलं की, ज्या प्लॅटफॉर्मवर आमचं सगळं उभं होतं त्याची नवी आवृत्ती येणार आहे. हंगामाआधी ती घ्यायची, तर कुठल्या केंद्रावरचा संगणक, ब्राउझर, प्रिंटर तिच्याशी जुळतो ते तपासून यादी करायला हवी. प्रमुख मी. यादीचं काम नसीमकडे.

नसीम परतवाड्याची. वडिलांचं तिथे रफूचं दुकान. रोज एसटीनं यायची आणि आमच्या आधी ऑफिसात हजर असायची. अशा याद्या कशा होतात, सांगू? आमच्यासारखे लोक खुर्चीत बसून पाट्या टाकतात — अमुक केंद्र, अमुक संगणक, जुळतो, बरोबरची खूण. नसीम मात्र केंद्रावर जायची, तपासायची, आणि मग वीज जाईपर्यंत तिथेच बसून राहायची. तेव्हाचं भारनियमन आठवतं ना? मी एकदा चिडून म्हटलं, तपासून झालं की परत यायला काय होतं तुला?

"दादा, लाइन असली का सगळंच चालते," ती म्हणाली. "लाइन गेल्यावर हे लोक काय करून राहिले, ते पायचं."

आणि खरंच, काय काय सापडायचं तिला! एका ठिकाणी ट्रॅक्टरची बॅटरी जोडत होते. दुसरीकडे ऑपरेटर शेजारच्या दुकानात जाऊन तिथल्या संगणकावर नंबर काढत होता. हे सगळं तिच्या रजिस्टरात उतरायचं, एकेका केंद्राला एकेक पान. मी हे काम तिच्याहून कितीतरी जास्त वर्षं करत होतो. मला हे का सुचलं नव्हतं?

शेवटी दोन केंद्रं राहिली, बार्शीटाकळी आणि तेल्हारा. मी अकोल्याला सासुरवाडीला निघालो होतो, म्हणून म्हटलं, ही दोन मी करतो. आमच्याकडे रीत अशी की, जो यादी करतो त्यानंच खाली सही करायची. म्हणजे माझ्या या दोन केंद्रांवरही सही तिचीच होणार होती.

बार्शीटाकळीला मी गेलो. सगळं जुळत होतं. तेल्हाऱ्याला — गेलोच नाही. आदल्या दिवशी जावयाचा पाहुणचार झाला होता, सकाळची एसटी चुकली, दुपारच्या गाडीत कोण बसणार? दोन्ही केंद्रांना एकाच खेपेत सारखेच संगणक दिलेले. एक चालला म्हणजे दुसरा चालणारच. मी सासऱ्यांच्या ओसरीवर बसून तेल्हाऱ्यापुढे खूण केली आणि झोपलो.

परत आल्यावर तिनं विचारलं, "तेल्हारा तुमी सोता पायलं नं, दादा?" मी म्हटलं, पाहिलं. "लाइन गेल्यावर?" मी म्हटलं, हो. तिनं सही केली.

हंगाम सुरू झाला आणि पहिल्याच दुपारी तेल्हारा बंद पडलं. तिथल्या इन्व्हर्टरवर नवा संगणक चालायचाच नाही. वीज गेली की ऑपरेटर कोपऱ्यातला जुना संगणक लावायचा, आणि त्याच्या जुन्या ब्राउझरवर आमची नवी पानं कोरी उघडत होती. रांग मोडली, हाणामारी झाली. नसीम कोणाला न विचारता गेली. तीन दिवस गाड्यांमध्ये उभी राहून तिनं हातानं चिठ्ठ्या लिहून नंबर दिले. ऑपरेटर फोनवर सांगत होता, ती बाई बोलली का कोणी पुढं घुसत नाही, साहेब. मी अमरावतीत बसून ते ऐकत होतो आणि मला तिचा अभिमान वाटत होता. लाज नाही — अभिमान. बघा आता.

ती परतली त्या दिवशी आमच्या मालकांनी, भाऊंनी, दोघांना बोलावलं. यादी पुढे टाकून विचारलं, ही सही कोणाची? तोवर तिला सगळं कळलेलं होतं. तेल्हाऱ्याला कोणी आलंच नव्हतं, हे ऑपरेटरनं तिला सांगितलं नसेल का?

"सही माही हाय, भाऊ," ती म्हणाली. बस्स, एवढंच. माझ्याकडे तिनं पाहिलंही नाही. भाऊंनी तिला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. मी शेजारच्या खुर्चीत मिठाची गुळणी धरून बसलो होतो. ती गप्प का राहिली? मला वाचवायला? मला तसं वाटत नाही. न पाहता सही केली ही आपली चूक, असंच तिनं धरलं असणार. ती तशीच होती.

तिचं रजिस्टर ऑफिसात राहिलं. पुढच्या आवृत्तीच्या वेळी मी ते काढलं आणि तिच्या पद्धतीनं सगळी केंद्रं तपासून घेतली. एकही बंद पडलं नाही. भाऊंनी सर्वांदेखत माझी पाठ थोपटली. ती पद्धत आमच्याकडे आता माझ्या नावानं ओळखली जाते आणि नव्या लोकांना ती मीच शिकवतो. त्यांतलं कोणी ना कोणी दर वर्षी विचारतं, सर, वीज जाईपर्यंत थांबायचं हे तुम्हाला सुचलं कुठे?

मी सांगतो, तेल्हाऱ्याला.