पुसलेल्या काचा

दोंडाईच्यात कौतिकने काच बसवलेली तसबीर नाही असं घर शोधूनही सापडलं नसतं. लग्नाचा फोटो असो, सप्तशृंगीची तसबीर असो की गेलेल्या म्हाताऱ्याचा हार घालायचा फोटो, लोक त्याच्याच दुकानात यायचे. माणूस कामात चोख, पण भारी हट्टी. काचेवर बोटाचा ठसा दिसला की त्याचं डोकं फिरायचं. कुणाकडे जेवायला गेला तरी भिंतीवरच्या तसबिरी उपरण्याने पुसायचा आणि वर घरच्यांनाच दोन शब्द सुनावायचा. त्याची बायको सुंदरबाई म्हणायची, हा देवाच्या पाया पडण्याआधी देवाची काच बघतो.

त्र्याण्णवच्या दिवाळीत सुंदरबाईच्या गळ्यात गाठ दिसली. आधी सुपारीएवढी, मग लिंबाएवढी झाली. धुळ्याच्या एका डॉक्टरांनी हाताच्या अंदाजाने तिच्यात सुई घातली. तपकिरी पाणी निघालं, आणि त्यात वाईट काही नाही असा रिपोर्ट आला. घरात गूळ वाटला गेला. पण दोन महिन्यांत गाठ पुन्हा भरली आणि सुंदरबाईचा आवाज बसत चालला. तेव्हा डॉक्टर म्हणाले, आता सोनोग्राफीत बघत बघत सुई घालू. सुंदरबाई तयार होईना. पहिल्या सुईने तिचा गळा काळानिळा पडला होता, आठ दिवस घास उतरला नव्हता. शेवटी कौतिकने तिची शपथ घेतली की ही शेवटची सुई, यानंतर कुणी सुई घेऊन आला तर मी मध्ये आडवा पडेन. त्या शपथेवर ती उठली.

गळ्याला मशीन लावायचं म्हणून तिने मंगळसूत्राची पोत काढून कौतिकच्या हातात दिली. बावीस वर्षांत ती पहिल्यांदाच उतरली होती. पडद्यावर काळं पाणी दिसलं आणि पाण्याच्या मागे, गाठीच्या आतल्या भिंतीला चिकटलेला तुरीएवढा दाणा. डॉक्टर म्हणाले, पाणी फसवं आहे, खरं काय ते या दाण्यात आहे. मागच्या वेळी सुई नुसती पाण्यात फिरून आली होती. या वेळी पडद्यावर सुई नीट दिसत होती, ती दाण्यापर्यंत पोचली. पुढे डॉक्टरांनी सुईतला थेंब काचांवर कसा पसरवला ते कौतिकने पाहिलंच नाही. तो पोत मुठीत धरून बायकोच्या तोंडाकडे बघत होता.

कंपाउंडरने एका डबीत गाठीतून काढलेल्या पाण्याची बाटली, चार लहान काचा आणि चिठ्ठी घालून दिली. जळगावच्या तपासणीच्या डॉक्टरांकडे आजच पोचवा, जपून न्या, एवढंच तो म्हणाला. कशाला जपायचं ते सांगायची कुणाला गरज वाटली नाही. आपल्याला ठाऊक ते जगाला ठाऊक, असा या शिकलेल्या लोकांचा समज असतो. सुंदरबाईला धुळ्यातच तिच्या भावाकडे, मगनकडे ठेवून कौतिक एसटीत बसला.

पारोळ्याला गाडी थांबली तेव्हा बाटली गळत तर नाही ना म्हणून त्याने डबी उघडली. बाटली ठीक होती. काचा मात्र मळकट, धूसर, डागाळलेल्या. एवढा मोठा डॉक्टर आणि काच ही अशी! कौतिकला वाटलं, गाठीतलं जे काही आहे ते बाटलीत आहे. ते या काचांवर घालून बघणार असतील, तर घाणेरड्या काचेतून दिसणार काय? त्याने उपरण्याचं स्वच्छ टोक स्टँडवरच्या नळाखाली भिजवलं, चारही काचा घासून पुसल्या, उजेडाला धरून पाहिल्या आणि मगच समाधानाने डबी बंद केली.

जळगावच्या डॉक्टरांनी एक काच उचलून उजेडाला धरली. मग दुसरी, तिसरी, चौथी. या कुणी पुसल्या, असं त्यांनी विचारलं तेव्हा कौतिकने अभिमानाने सांगितलं, मीच. डॉक्टर चिडले नाहीत, हेच वाईट झालं. त्यांनी त्याला खुर्चीवर बसवलं आणि सांगितलं की दाण्यातलं सगळं या काचांवरच होतं. बाटलीतलं पाणी बघतो, पण ते बहुधा मागचंच सांगेल. सुई पुन्हा घ्यावी लागेल.

करायला गेला गणपती आणि झाला मारुती, असं आपण दुसऱ्याला सहज हसत म्हणतो.  कौतिकने खांद्यावरचं उपरणं काढून काचांवरचं सगळं टिपून घेतलेलं ते तपकिरी टोक डॉक्टरांपुढे धरलं.

"साहेब, बठ्ठं याम्हाच शे. याम्हाइन काढता ई का?"

डॉक्टरांनी मानेनेच नाही म्हटलं.

दिवस मावळताना तो मगनच्या घरी पोचला. सुंदरबाई गळ्याला पट्टी लावून ओट्यावर बसली होती. तिने बसक्या आवाजात विचारलं, "डाक्टरनी काय सांगं?"

खोटं बोलावं असं त्याच्या मनात येऊन गेलं, पण त्याला ते जमलं नाही. "काचा मी पुसी टाक्यात," तो म्हणाला आणि सगळं सांगून रडू लागला.

ती ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.  पण ती म्हणाली, "तुमनी चूक नही. पन दोन डाव टोची घिदं. आते माले सुई नको."

गाठीत काय आहे ते कळायला आणखी एकच सुई घे म्हणून, स्वतःची शपथ विसरून, तो हात जोडू लागला. तिने त्याचे जोडलेले हात सोडवले, त्यातलं एक बोट धरून पट्टीच्या बाजूला गाठीवर टेकवलं.

"मंग तुम्हीच सांगा, हाई काय शे?"

तिने आवंढा गिळला. गाठ त्याच्या बोटाखाली वर गेली आणि पुन्हा खाली आली.