मेजरांचं लोटस

माधवनगरच्या आमच्या सूतगिरणीतली जुनी माणसं अजूनही वर्षातून एकदा-दोनदा सांगलीत भेटतात. कुणाच्या मुलीचं लग्न असतं, कुणाची एकसष्टी. जेवणं उरकतात, पानं लावली जातात आणि कुणीतरी हळूच म्हणतं, "ए, ते चांदण्यांचं सांग की." संपलं! मग घरी जायला कुणी उठत नाही. एका किश्श्याला धरून दुसरा येतो, आणि बहुतेक सगळे शेवटी मेजरांपाशीच येऊन थांबतात.

गिरणी कधीच बंद पडली. मेजरही गेले. किस्से मात्र दर लग्नात वाढतायत. काही तर मलाच नव्यानं ऐकायला मिळतात. मी हरकत घेत नाही, पण इथे मात्र माझ्यासमोर घडलेलेच सांगतो.

*

मेजर म्हणजे निकम. फौजेत ते हवालदार क्लार्क होते, पण आमच्या सातारा-सांगलीकडे फौजेतून परत आलेला प्रत्येक माणूस मेजरच असतो. त्यांच्या गावचे बाकीचे पेन्शनर कुठल्या ना कुठल्या गेटवर शिट्टी आणि काठी घेऊन उभे होते. निकम मात्र फौजेच्या ऑफिसात लोटस शिकून आले होते. आकड्यांचे तक्ते करायचा तो डॉसमधला प्रोग्राम. काळा पडदा, माऊस नाही, सगळा कारभार कीबोर्डवर. स्लॅशचं बटण दाबलं की वर मेनू उघडायचा, मग एकेक अक्षर दाबत पुढं जायचं.

त्या लोटसच्या जिवावर मेजर आमच्या कॉम्प्युटर सेक्शनमध्ये खुर्चीवर बसले, आणि त्याचा त्यांना फार अभिमान होता. "आमच्या गावच्या फौजींत मी एकटाच, ज्याच्या हातात दांडकं न्हाई," असं ते येईल त्याला सांगायचे.

हातावरून आठवलं. फौजेत असताना ट्रकच्या अपघातात त्यांच्या उजव्या हाताला मार बसला होता आणि तो हात कायम थरथरायचा. चहाचा कप ते डाव्या हातात धरत. कीबोर्डवर मात्र तोच उजवा हात वरून आला की नेमक्या बटणावर पडायचा. हे सेक्शनमध्ये सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीही त्यावर बोलत नसे.

*

नंदा कांबळे कडेगावहून रोज एसटीनं यायची. नवीन बी.कॉम. झालेली, घरात टेबल-खुर्चीवर बसून नोकरी करणारी पहिलीच. तिला लोटस शिकवायचं काम मेजरांकडे आलं आणि त्यांनी ते परेडसारखं घेतलं. ते पाठीमागे उभे राहून हुकूम सोडायचे, "स्लॅश! एफ! एस!" म्हणजे फाइल सेव्ह कर. हुकमाआधी बोट हललं की पुन्हा पहिल्यापासून.

पंधरवड्यात नंदा तयार झाली, पण ती कवायत तिच्या डोक्यातून जाईना. एकदा संध्याकाळी परत जाताना एसटीत तिचा डोळा लागला. कंडक्टरनं तिकिटाला हटकलं, तशी ही दचकून उठली आणि म्हणाली, "स्लॅश, एफ, एस."

कंडक्टर शांतपणे म्हणाला, "ताई, ह्या रूटवर त्यो थांबा न्हाई."

*

लोटसच्या पडद्यावर वर उजव्या कोपऱ्यात एक शब्द असायचा. प्रोग्राम मोकळा असेल तर 'रेडी', कामात गुंतला असेल तर 'वेट'. आमच्या सेक्शननं ते दोन शब्द रोजच्या बोलण्यात घेतले. रजेचा अर्ज घेऊन साहेबांच्या केबिनकडे निघालं की बाहेर येणाऱ्याला विचारायचं, "काय मोड?" तो म्हणाला "वेट," तर अर्ज खिशात घालून गुपचूप मागं फिरायचं. मला सासरवाडीनं होकार कळवला, तेव्हा ऑफिसात मी एवढंच सांगितलं होतं, "रेडी." पेढे कुठायत, हे लगेच विचारलं गेलं.

एकदा गिरणीची सहल पाचगणीला गेली होती. टेबललँडवर आम्ही सगळे पांगलो आणि अचानक असं धुकं आलं, की शेजारचा माणूस दिसेना. तेवढ्यात कुठून तरी मेजरांचा आवाज आला, "वेट!" आमचा अख्खा सेक्शन होता तिथं थिजला. धुकं हटलं, मेजर "रेडी" म्हणाले, आणि आम्ही गुमान बसपाशी आलो.

अकाउंटवाल्यांना लोटस येत नव्हतं. ते चालत राहिले. त्यांना शोधायला आम्हाला पुन्हा वर चढावं लागलं, आणि तेव्हा ते एका घोडेवाल्याशी परतीच्या भाड्यावरून भांडत होते.

*

आता चांदण्यांचं. लोटसमध्ये आकडा रकान्यात मावला नाही, की त्या जागी नुसत्या चांदण्या उमटतात. रकाना रुंद केला की आकडा परत दिसतो. पण एकदा चेअरमनसाहेब न सांगता आले, आणि पडद्यावर वर्षभराच्या सुताच्या बेरजेपुढं चांदण्याच चांदण्या! नंदाचा चेहरा उतरला.

चेअरमनसाहेबांनी चष्मा पुसून विचारलं, की ह्या चांदण्या कशाच्या. मेजर ताडकन उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, सूत एवढं निघालंय, की रकान्यात माईना."

ह्यात खोटं काहीच नव्हतं. पण चेअरमनसाहेबांनी ते मनावर घेतलं. वार्षिक सभेत त्यांनी भाषणात ठोकून दिलं, की आपल्या गिरणीचं सूत आता कॉम्प्युटरात मावत नाही. टाळ्या थांबेनात. आणि पुढच्या महिन्यात गिरणीला एक मोठा कॉम्प्युटर मंजूर झाला.

पण इथं आमचं हसू फार वेळ टिकत नाही. कारण त्या मोठ्या कॉम्प्युटरबरोबरच विंडोज आलं, एक्सेल आलं, माऊस आला, आणि हे सगळं राबवायला पुण्याहून देवधरसाहेब आले.

*

देवधरसाहेब माणूस वाईट नव्हते. तरुण होते आणि घाईत होते, एवढंच. आल्या आल्या त्यांनी सांगून टाकलं, की दिवाळीपर्यंत सगळं काम एक्सेलवर गेलं पाहिजे. ज्याला जमणार नाही त्याला दुसऱ्या खात्यात पाठवलं जाईल. मेजरांसाठी त्यांनी जागाही हेरून ठेवली होती, ती गेटवर. मिलिटरीचा शिस्तीचा माणूस तिथं शोभून दिसेल, असं त्यांना मनापासून वाटत होतं. मेजरांनी ते ऐकून घेतलं आणि त्या दिवशी डबा न उघडताच घरी नेला.

मग मेजरांनी लोटसची वकिली सुरू केली. रोज नवा मुद्दा. एक्सेलच्या पांढऱ्या पडद्यानं डोळे चुरचुरतात. त्यात चित्रंच फार, हे ऑफिस हाय का बालवाडी? एक मुद्दा मात्र मला अजून आठवतो. लोटसमधून बाहेर पडायचं म्हटलं, की ते 'नो' आणि 'यस' असं विचारतं, आणि आधी 'नो'वर उभं असतं. मेजर म्हणाले, "जातो म्हणलं की आधी जाऊ नगा म्हणतंय. असं घरातलं माणूस म्हणतंय, गड्या."

खरं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. माऊस धरला, की त्यांच्या हाताबरोबर पडद्यावरचा बाणही थरथरायचा. दोनदा टिचकी मारायला जावं, तर चित्र उघडायच्या ऐवजी घसरून दुसरीकडंच जायचं. जेवणाच्या सुट्टीत नंदा त्यांना शिकवत बसायची. आता हुकूम तिचे आणि परेड त्यांची. एकदा तिला राहवलं नाही. ती म्हणाली, "आवं मेजर, साहेबांना हाताचं एकदा सांगा की."

मेजर म्हणाले, "हात दाखवून खुर्ची मागायची न्हाई, पोरी."

मध्येच एकदा माऊस आपोआप बंद पडला, तेव्हा मेजरांना जरा बरं वाटलं. देवधरसाहेबांनी तो उलटा करून उघडला, तर आतल्या गोळीभोवती कापूस गुंडाळलेला. आमच्याकडे कापूस कुठंही उडायचा, एसी खोलीतसुद्धा. मेजर वाकून बघत म्हणाले, "उंदीरबी सूतगिरणीत रुळला म्हणायचा." देवधरसाहेब हसले, पण दिवाळी काही पुढं ढकलली नाही.

*

आणि दिवाळीच्या आधीचा तो दिवस. देवधरसाहेबांनी एकेकाला नव्या कॉम्प्युटरसमोर बसवलं. एक्सेल उघडलेलंच होतं. त्या दिवसाचे सुताचे आकडे भरायचे, बेरीज काढायची, फाइल सेव्ह करायची. बस. नंदाचं झालं, माझं झालं, आणि मेजर बसले. इस्त्रीचा शर्ट, दाढी गुळगुळीत.

त्यांनी माऊसला हात घातला. बाण पडद्यावर इकडून तिकडे थरथरत गेला, कुठलंतरी भलतंच बटण दाबलं गेलं, एक चौकट उघडली आणि ती बंद होईना. शेवटी नंदानं पुढं होऊन ती बंद केली. देवधरसाहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. मला वाटतं, हाताचं त्यांच्या तेव्हाच लक्षात आलं. ते हळू आवाजात म्हणाले, की मेजर, राहू द्या. तिकडे गेटवर तुमची सगळी सोय बघतो.

मेजरांनी माऊसवरचा हात काढला. उठतील असं वाटलं. पण ते उठले नाहीत. त्यांनी माऊस बाजूला सारला आणि कीबोर्ड पुढ्यात ओढला.

बाणाच्या बटणांनी एकेक घर खाली उतरत त्यांनी आकडे भरले. बेरजेपाशी आल्यावर त्यांनी सवयीनं लोटसचंच सूत्र ठोकलं, ॲट द रेटचं चिन्ह पुढं लावून. एक्सेलला तिथं बरोबरचं चिन्ह लागतं. नंदानं डोळे मिटले. मेजरांनी एंटर मारला.

बेरीज आली.

देवधरसाहेब पुढं वाकले. एक्सेलनं ते जुनं सूत्र निमूटपणे आपल्या पद्धतीनं बदलून घेतलं होतं. आता राहिलं सेव्ह करणं. मेजरांचा उजवा हात वर गेला, थरथरत, आणि नेमका स्लॅशवर पडला. पडद्यावरचा मेनू जागा झाला. तो जागा होईल, हे त्या खोलीत कुणालाच माहीत नव्हतं, देवधरसाहेबांनाही नाही.

मागून नंदाच्या तोंडून आपोआप आलं, "एफ."

मेजरांनी एफ दाबलं. फाइलचा मेनू खाली उघडला.

"एस."

एस. मेजरांनी नाव टाईप केलं, एंटर मारला, फाइल सेव्ह झाली. नंदा पदरानं डोळे पुसत होती आणि माझंही तेच चाललं होतं, ते मी आता लपवत नाही.

देवधरसाहेब खुर्ची ओढून मेजरांच्या शेजारी बसत म्हणाले, "हे पुन्हा एकदा करून दाखवा, मेजर. मला शिकायचंय."

मेजरांनी आधी माऊस उचलला, त्याची वायर नीट गुंडाळली आणि तो साहेबांच्या हातात दिला.

"दाखवतो, साहेब. पण आधी ह्याला गेटवर बसवा."